कृष्णातचा गुडघा

बावन्न सालच्या उन्हाळ्यात शिवाजी पेठेतल्या तालमीसमोर एकदा माणूस मावेना. फुंकरीनं दुखणी बरी करतो म्हणणाऱ्या विभूतीबाबांनी जमिनीवर राखेची रेघ ओढली होती आणि कृष्णात पैलवान तिच्यावरून काठीशिवाय, ताठ, देवाच्या तसबिरीकडे चालत होता. कुस्त्यांच्या मागच्या मैदानात त्याचा गुडघा पिरगळला, तेव्हा त्याला चौघांनी उचलून आणलं होतं.

“डॉक्टर सुरी चालवतात, आम्ही नुसती फुंकर!” बाबा गरजले.

गर्दीत हंबीरराव पैलवान जळत उभा होता. त्याचाही गुडघा तसाच गेलेला. डॉक्टर श्यामलाबाईंच्या सांगण्यावरून तो रोज पायाला वाळूची पिशवी बांधून मांडी कमवत होता आणि पेठ हसत होती. येत्या मैदानातली त्याची जोड, म्हणजे त्याची ठरलेली कुस्ती, आता कृष्णातला मिळणार होती.

श्यामलाबाई शेजारीच उभ्या होत्या. “बाई, बास झाली तुमची वाळू,” तो म्हणाला. “मी बी बसतो बाबापुढं.”

“बस. आधी त्याच्याकडे नीट बघ तरी.”

“बघूनच पोटात दुखतंय की!”

तरी त्याने डोळ्यांत तेल घालून पाहिलं. कृष्णातने नमस्कार केला, पण वळला नाही. तसाच मागे मागे चालत आला. देवाला पाठ दाखवायची नाही, असा बाबांचा नेमच होता. हंबीररावाचा स्वतःचा गुडघा दगा द्यायचा तो वळतानाच.

“बाबा, त्याला एकदा गर्रकन फिरू द्या की!” तो ओरडला.

“पाप्या! देवाकडं पाठ?”

“मग तसबिरीवर घटकाभर फडकं टाका, आन् फिरू दे. त्यात कसलं पाप?”

लोक हसले. “फिर की रं कृष्णा!”

“जळू नगंस, हंब्या. बघ!”

श्यामलाबाई “थांब!” म्हणेपर्यंत कृष्णात फिरला, गुडघा सटकला आणि तो मातीत कोसळला.

क्षणभर हंबीररावाला बरं वाटलं. मग कृष्णातचं कण्हणं कानावर आलं आणि त्याला मान वर करवेना.

“शंका घेतली, म्हणून भंगला!” बाबा म्हणाले.

“शंकेनं नाही,” श्यामलाबाई गुडघा चाचपत म्हणाल्या. “हाडांना आतून धरून ठेवणारा पट्टा तुटलाय. सूज आपसूक उतरते. ती उतरली की माणूस सरळ चालतो, मागंही चालतो. वळताना मात्र गुडघा जागा सोडतो. बाबांनी सूज उतरू दिली आणि वळणं तेवढं बंद केलं. एवढाच चमत्कार.”

“मग कापणार व्हय?” कृष्णातने विचारलं.

“आधी मांडी कमवायची. काहींचं तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर ऑपरेशन. पुन्हा कुस्ती जमेल का, ते आज मला सांगता येणार नाही.”

मैदान दोघांचंही गेलं. त्यानंतर दोघं मिळून व्यायाम करू लागले. कृष्णातची मांडी लवकर भरतेय म्हणून हंबीरराव तेव्हाही जळायचाच.

कुणी बरं केलं म्हणालं, तर जिथं दुखत होतं तिथंच जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावं. आणि तपासण्यालाच जो पाप म्हणतो, त्याच्या हाती आपलं शरीर देऊ नये.