वस्तीपुरतं पहिलं पान

जज्ज कॉलियर यांच्या मेहुणीबाई मोबील शहराहून आल्या असून पंधरवडाभर मुक्काम करतील.

हरवली आहे: पांढऱ्या कपाळाची गाय, लाकूडवखारीजवळून.

रताळी यंदा लहान, पण गोड.

श्री. ॲबट यांचे चिरंजीव इटलीत धारातीर्थी पडले. फोटो, पहिलं पान.

हे सगळं आमच्या गावच्या 'क्लॅरियन'मधलं. माझ्या बहिणीचा, ओझेलाचा मुलगा रूफसही इटलीतच लढताना पडला. पण तो काळा. काळ्यांच्या बातम्या सहाव्या पानावर, डुकरांच्या भावाखाली.

ओझेला शाळामास्तरीण. चर्चला जायची टोपी घालून संपादक प्रूइटकडे गेली. मी सोबत. प्रूइट रूफसहून थोडाच मोठा.

"ये ओझेला, बस." त्याच्यासमोर खुर्ची एकच होती, तिच्यावर त्याचे पाय होते.

"साहेब, माझ्या मुलाचा फोटो पहिल्या पानावर हवा. बाकीच्यांचा येतो तिथे."

"अगं, मला वाटत नाही का? पण गाव..."

"गावासाठीच गेला ना तो?"

प्रूइटने पेन्सिल उचलली. "बरं. दिला शब्द."

गुरुवारी आम्हा काळ्यांच्या वस्तीत अंक आला. पहिल्या पानावर रूफस, गणवेशात. शेजारचा म्हातारा लुशियस म्हणाला, "बापावर गेला नाही, देवाची कृपा." रूफस गेल्याची तार आल्यापासून ओझेला पहिल्यांदा हसली.

मी जज्जांकडे स्वयंपाकाला. त्याच संध्याकाळी त्यांचा अंक दिवाणखान्यात घडी करून पडला होता. गोरे लोक तो शुक्रवारी नाष्ट्याला वाचतात. मी उघडला. रूफसच्या जागी बँकेची नवी इमारत.

पान बदलून दोन अंक छापले होते. एक फक्त वस्तीपुरता.

मी तो ॲप्रनखाली लपवून आणला. ओझेलाने दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली.

"म्हणजे माझा मुलगा मेल्याचं त्याने मलाच कळवलं."

"काचा फोडू त्याच्या," मी म्हणाले.

"फोड. ती बातमी मात्र सगळ्यांना छापेल." तिने दोन्ही पानांच्या घड्या घातल्या. "उद्या नाष्टा कुणाकुणाकडे करायचाय तुम्हा बायकांना?"

सगळ्यांकडेच. गावातली एकही गोरी बाई स्वतः अंडी तळत नव्हती.

शुक्रवारी प्रत्येक टेबलावर बशीशेजारी आमचा अंक गेला. त्यांचा चुलीत.

जज्जांनी घडी उघडली. "व्हर्नेल, हा काय पेपर?"

"क्लॅरियन, साहेब. वर लिहिलंय."

जज्जांच्या बाईसाहेब वाकून बघत होत्या. "कोण गं हा मुलगा?"

"रूफस टिल्मन. माझा भाचा. लढाईत गेला."

जज्जांनी पान पालथं घातलं. बाईसाहेबांनी ते परत सरळ केलं आणि कॉफी गार होईपर्यंत बघत राहिल्या.

दुपारपर्यंत आम्हा सात जणींना कामावरून काढलं. ओझेलाला नाताळनंतर शाळेत येऊ नको म्हणून सांगितलं. पुढच्या अंकात प्रूइटने अग्रलेख लिहिला, मथळा: काळ्यांची कृतज्ञता.

रूफसची तार आली होती तेव्हा ओझेला त्याच शाळेत तिसरीच्या वर्गाला भागाकार शिकवत होती.