चुन्याची निवळी

विनोदिनीने दोन्ही तळहात काचेवर टेकवले आणि नाक चिकटेल इतकी वाकली. तरी मासे दिसेनात. काल रात्रीपर्यंत नितळ असलेलं पाणी ताकासारखं गढूळ झालं होतं, आणि दगडावरची ती चकत्याचकत्यांची हिरवी वनस्पती बुडापासून शेंड्यापर्यंत पांढरीफटक पडली होती.

"अगे बाये माझ्ये," ती पुटपुटली. "घात केला मी."

बोटीवर नोकरीला जाताना तिच्या लेकाने, गौरेशने, ही खाऱ्या पाण्याची टाकी आईच्या हवाली केली होती. त्या चकत्या वाढायला चुना लागतो म्हणाला, तेव्हा ती हसलीच होती. "तुलाही लहानपणी चुन्याची निवळीच पाजलीय रे!" मग रोज सकाळचं कामच ठरलं. चमचाभर खायचा चुना बाटलीतल्या पाण्यात घोळायचा, खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी थेंबाथेंबाने टाकीत सोडायची. खालचा गाळ गेला तर मासे खलास, हे त्याने तीनतीनदा बजावलं होतं.

आज गाळ गेला की काय? की निवळी दोनदा घातली? काही केल्या आठवेना. गेल्या महिन्यात गॅस पेटता ठेवून ती शेजारी गेली होती. तेव्हापासून सुनेने, क्षमाने, गोडीगुलाबीने स्वयंपाक तिच्याकडून काढून घेतला होता. उरलं होतं ते हे एवढंच. हेही गेलं की बसवतील कोपऱ्यात! थोरल्या बहिणीला असंच बसवलं होतं. शेवटी शेवटी ती पोटच्या मुलालाच 'तू कोणाचा रे?' विचारायची.

दोन केशरी मासे वर येऊन आ वासून धापा टाकू लागले. तिने क्षमाला फोन लावला.

क्षमा पेडण्याला कचेरीत होती. वीस मिनिटांत स्कूटरवरून कोरगावच्या घरी पोचली. हेल्मेट न काढताच तिने पांढरी वनस्पती उपटून बाहेर टाकली, हवेचा पंप लावला आणि गौरेशने भरून ठेवलेल्या पिंपातलं खारं पाणी बादलीबादलीने बदलायला घेतलं. विनोदिनी दाराला धरून उभी होती.

"माझ्याच हातून झालं गो."

"न्हय, आई. भियेनाकात, घाबरायचं काही नाही." क्षमाने ओंजळीतलं पाणी उजेडात धरलं. "हे बघा, हिरवट आहे. हा रंग त्या वनस्पतीचाच. ही वनस्पती कधीकधी एका रात्रीत सगळं बी पाण्यात सोडते नि मरून जाते. गौरेशने सांगितलं होतं मला."

"खरंच? शपथ घे."

"तुमची शपथ."

विनोदिनीला हसू आलं, रडूही आलं. पाणी निवळत चाललं होतं आणि मासे खाली उतरून फिरू लागले होते.

"मेल्यांनो, जीव घेतलात माझा!" ती माशांवर डाफरली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "बघ, उगाच भ्याले. आज चमचाभरच घातला मी चुना. निवळेपर्यंत इथेच बसून होते. आता लख्ख आठवतंय."

क्षमाचा बादलीवरचा हात थांबला.

"काय गो?"

"काही नाही."

"सांग बाय."

"चुना सोमवारीच संपला, आई," क्षमा खाली बघत म्हणाली. "बाटली धुऊन मी माळ्यावर ठेवली. शनिवारी बाजारातून नवा आणते म्हणून तुम्हाला सांगितलंही होतं."

सोमवार. आज शुक्रवार. विनोदिनीला ती बाटली दिसत होती, तळाशी बसलेला पांढरा थर दिसत होता, बोटांना लागलेला चुनासुद्धा. तिने बोटं चोळून पाहिली. कोरडी होती.

मग विनोदिनीने सुनेचा ओला हात धरला.

"क्षमा," ती हळूच म्हणाली, "गौरेशला मासे वाचले, एवढंच कळव हां."