कुणी पाडलं नाही

सामना संपायला चार मिनिटं उरली होती. एक-एक अशी बरोबरी होती आणि धनलक्ष्मी चेंडू घेऊन एकटीच सुटली होती. गोलसमोर पाहुण्या संघाच्या बचावातली उंच पोरगी आडवी आली, दोघी जवळ आल्या आणि धनलक्ष्मी तोंडघशी पडली. रेफ्रीनं शिट्टी मारून पेनल्टीच्या ठिपक्याकडं बोट दाखवलं. विभागाचा अंतिम सामना, तोही सोलापुरात. जिंकेल तो संघ राज्याच्या स्पर्धेला जाणार. शेडखाली बसलेल्या पोरींच्या आया उठून टाळ्या पिटू लागल्या.

जोतिराम सर मात्र धनलक्ष्मीच्या पायांकडं बघत होते. जुळे सोलापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात ते सतरा वर्षं खेळ शिकवत होते आणि मुलींचा हा फुटबॉलचा संघ त्यांनीच उभा केला होता. कुठली पोरगी कशानं पडली हे त्यांना लांबूनही कळायचं. धनलक्ष्मीचा पाय तिच्याच दुसऱ्या पायात अडकला होता.

कप्तान सोनम चेंडू ठिपक्यावर ठेवत होती. तेवढ्यात धनलक्ष्मी उठली आणि गुडघ्याची माती न झटकताच रेफ्रीपाशी गेली.

"सर, मी पडले. मला कुणी पाडलं नाही."

रेफ्रीला असलं काही ऐकायची सवय नसावी. तो रेषेपर्यंत चालत आला आणि तुमची मुलगी असं असं म्हणते, तुमचं काय म्हणणं, असं त्यानं सरांना विचारलं. त्या घटकेला सरांच्या मनात आलं, ही गप्प का बसली नाही? पण सतरा वर्षं जे शिकवलं ते चारचौघांत मोडायची त्यांची छाती झाली नाही.

"ती म्हणते तेच खरं," ते म्हणाले.

पेनल्टी रद्द झाली. सोनमनं एकदा सरांकडं पाहिलं आणि चेंडू पाहुण्या गोलकीपरच्या हातात दिला.

शेवटच्या मिनिटाला पाहुण्यांची एक पोरगी सोलापूरच्या गोलसमोर आली. सोनमनं तिच्या पायातला चेंडू अलगद काढून घेतला, अंगाला अंग लागलं नाही. पोरगी दोन पावलं पुढं गेली आणि मग घोटा धरून किंचाळत कोसळली. रेफ्रीनं पुन्हा शिट्टी मारली. सर धावत पाहुण्यांच्या कोचकडं गेले आणि तिला एकदा विचारा तरी, असं म्हणाले. कोच वयानं लहान होता, उर्मटपणे बोलला नाही.

"सर, तुमच्या मुलीनं तुमचं नुकसान केलं," तो म्हणाला. "माझ्या मुलीला मी ते करायला लावणार नाही."

पेनल्टीवर गोल झाला. मघाशी घोटा धरून लोळणारी पोरगी सगळ्यांच्या पुढं उड्या मारत होती.

सोनमचं बारावीचं वर्ष होतं. बाप नव्हता. आई केराबाई टॉवेलच्या कारखान्यात कामाला जायची. राज्याला पदक मिळालं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येईल, या एका आशेवर केराबाईनं लेकीचं लग्न दोन वर्षं लांबवलं होतं. कुर्डुवाडीचं स्थळ मात्र थांबायला तयार नव्हतं. हे सरांना ठाऊक होतं, धनलक्ष्मीलाही होतं. ती मैंदर्गीहून शिकायला आलेली, सोनमला अक्का म्हणायची, तिच्याच डब्यातली भाकरी खायची.

आठ दिवसांनी सर सोनमच्या घरी गेले. पोरीला अजून एक वर्ष द्या, सीनियर कॉलेजातून खेळेल, असं त्यांनी परोपरीनं सांगून पाहिलं. सोनम आत भांडी घासत होती, बाहेर आली नाही. केराबाईनं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुमी पोरींना खरं बोलाया शिकवलं, ते काय वाईट न्हाय," ती म्हणाली. "पर खरं बोलली दुसऱ्याची लेक आन् भोगायचं माझ्या लेकीनं. ह्याला काय म्हनायचं, तुमीच सांगा की."

सरांनी चहाकडं पाहिलं. वैशाखात सोनमचं लग्न झालं. सर अक्षता टाकायला गेले. सोनम पाया पडली, पण वर पाहिलं नाही.

संघातल्या पोरी धनलक्ष्मीशी भांडल्या नाहीत. त्यांनी तिला पास देणं बंद केलं. सरावात ती तासभर धावायची आणि चेंडू तिच्या पायाला लागायचा नाही. सर ओरडले की चार दिवस पास मिळायचे, मग पुन्हा तेच. एका संध्याकाळी सगळ्या गेल्यावर ती थांबली.

"सर, मी चुकले का?"

"नाही," सर म्हणाले. पण आधी क्षणभर थांबले, आणि तो क्षण तिनं पाहिला. तिनं मान हलवली, पिशवी खांद्याला अडकवली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. महिन्याभरानं कळलं की तिनं नाव काढलं आणि मैंदर्गीला बापाच्या दुकानात बसते.

मधल्या काळात कुणीतरी त्या सामन्याची बातमी पेपरात दिली होती. त्यावरून कॉलेजनं जूनमध्ये खिलाडूवृत्तीबद्दल धनलक्ष्मीचा सत्कार ठेवला. ती आली नाही, म्हणून तिची शाल आणि नारळ जोतिराम सरांनी घेतला. मूल्यशिक्षणावर दोन भाषणं झाली. व्यासपीठावरून उतरताना प्राचार्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. सत्कार वगैरे ठीक आहे, पण यंदा राज्याला जायलाच हवं, संस्थेत विचारणा होते, असं ते हळूच म्हणाले. सरांनी त्याच दिवशी बसनं मैंदर्गी गाठली. दुकानात धनलक्ष्मीचे वडील गुरुसिद्धप्पा होते. पोरगी आत असून बाहेर आली नाही. शाल आणि नारळ काउंटरवर ठेवून सर परतले.

जुलैत नवा संघ जमला. एका दुपारी सर मैदानावर आले तेव्हा अकरावीच्या दोन पोरी कोपऱ्यात मोबाईल उभा करून काहीतरी करत होत्या. एक धावत यायची, दुसरी नुसता पाय पुढं करायची, आणि पहिली हवेत हात फेकून आडवी व्हायची. मग दोघी मोबाईलमध्ये बघायच्या, हसायच्या, पुन्हा करायच्या. सरांनी शिट्टी ओठांपर्यंत नेली. ती तशीच राहिली.

पोरींनी त्यांना पाहिलं आणि वरमल्या. मग त्यातली धीट होती तिनं विचारलं, "सर, बरोबर पडले का?"

सरांनी शिट्टी खिशात घातली.

"हात आधी टेकवू नको," ते म्हणाले. "रेफ्रीला कळतं."