थोरलीच्या चेहऱ्यावरचं तेज

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मधल्या वाटा भरल्या, उरलेल्या बायका भिंतीला टेकून टाचा उंचावून उभ्या होत्या. व्यासपीठावर दोन मोठे पडदे होते. डाव्या पडद्यावर एका बाईचा दोन वर्षांपूर्वीचा फोटो: गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं, नाकाच्या दोन्ही बाजूंना वांगाचे तपकिरी डाग. उजवा पडदा अजून कोरा होता.

"ही कोण?" तेजदीदींनी माइकवर विचारलं. "ही तुमच्यातलीच एक! जन्मभर लोकांचे कपडे शिवले, स्वतःच्या तोंडाकडे बघायला सवड मिळाली नाही. त्वचा रुसली होती हिच्यावर. आणि बायांनो, त्वचा रुसली की नशीब रुसतं! मग अमृतलेपानं काय केलं? बघा!"

दिवे लखलखले. फोटोतली ती बाई, थोरली, व्यासपीठावर आली आणि उजव्या पडद्यावर तिचा चेहरा उमटला. गोरा, गुबगुबीत, तुळतुळीत. डाग नाहीत, सुरकुती औषधालाही नाही. सगळ्या सभागृहातून एकच 'अगंबाई!' उठलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं चक्क हात जोडले.

मागून एक बाई चाचरत म्हणाली, "चेहरा जरा सुजल्यासारखा नाही का वाटत?"

"बाळ," दीदी साखर पेरत म्हणाल्या, "शंका आली की रंध्रं मिटतात. श्रद्धा ठेवली की उघडतात. ही सूज नव्हे, हे तेज आहे. त्वचा आतून भरून येते तेव्हा अशी दिसते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या बाईनं मान खाली घातली आणि तिची रंध्रं मिटली की उघडली, हे कुणी विचारलं नाही.

व्यासपीठाच्या कडेला, खांद्यावर सोनेरी पट्टा घालून, धाकटी उभी होती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. पडद्यावरची बाई तिची सख्खी बहीण होती, आणि तिला लेपाची पहिली डबी धाकटीनंच दिली होती.

आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती आणि थोरली सतराची. तेव्हापासून थोरलीच तिची आई. शिलाईच्या मशीनवर पाय मारून तिनं धाकटीला शिकवलं, परीक्षेच्या दिवसांत उठवलं, नवे बूट तिला घेतले आणि स्वतःच्या चपलेला टाके घातले. पुढे थोरलीचं लग्न झालं, मुलगी झाली, नवरा आजारात गेला. मशीन मात्र थांबलं नाही.

धाकटीला देवानं जीभ दिली होती. सौंदर्यप्रसाधनांच्या एका दुकानात ती लिपस्टिकच्या काउंटरवर लागली आणि वर्षभरात मालकाच्या लक्षात आलं, की ही पोरगी बाईच्या मनगटावर रंगाची रेघ ओढता ओढता तिच्या सासूपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं काढून घेते. ती 'हे घ्या' असं कधी म्हणायचीच नाही. म्हणायची, "आरशात बघून शेवटचं कधी हसलात?" समोरची बाई पाणी पाणी व्हायची आणि पिशवी भरून घरी जायची.

तेजदीदींनी तिला तिथूनच उचललं. चार वर्षांत तिच्या हाताखाली चाळीस बायका आल्या, भेटीगाठींसाठी काचेचं दार असलेली खोली आली, नावाची पाटी आली. नव्या मुलींना ती शिकवायची, "माल विकू नका, विश्वास विका." हे वाक्य दीदींचं होतं. धाकटीला ते वेदवाक्य वाटायचं. ती खोटं बोलत नव्हती. तिचा खरंच विश्वास होता, आणि दुर्दैव ते हेच.

थोरली आधी नको म्हणाली होती. "मला कशाला गं? मशीनला माझं तोंड दिसतं का?"

"ताई, माझ्यासाठी लाव. माझी बहीण अशी दिसते म्हटल्यावर लोक मला काय म्हणतील?"

हे बोलणं धाकटी सहज बोलून गेली. थोरली त्या रात्रीपासून लेप लावू लागली.

सहा महिन्यांत डाग फिके पडले. वर्षाअखेरीस रंग उजळला. दीड वर्षानंतर गाल भरले, सुरकुत्या बुजल्या. धाकटीनं आनंदानं उडीच मारली आणि फोटो दीदींना पाठवला. थोरली दमते, जेवण जात नाही, हे तिनं ऐकलं होतं. "लेप आतली घाण बाहेर काढतो, थोडा थकवा यायचाच," असं सांगून तिनं ते उडवूनही लावलं होतं.

सभेनंतर आठवडा झाला आणि भाचीचा फोन आला. भाची आठवीत होती, मोजकं बोलणारी.

"मावशी, आईच्या पायात चप्पल जात नाही. मी नडगीवर बोट दाबलं, तर खड्डा पडला. भरूनच येईना. मी पन्नासपर्यंत आकडे मोजले."

"अगं, दिवसभर बसून शिवते ना, म्हणून."

"मग सकाळी उठल्यावर डोळे का सुजलेले असतात? तेव्हा तर ती झोपलेली असते. आणि लघवीला फेस येतो, असं म्हणते. मावशी, हे तेज नाहीये."

डॉक्टरीणबाईंनी थोरलीचे पाय बघितले, रक्तदाब बघितला, तपासण्या केल्या. दुसऱ्या दिवशी अहवाल समोर ठेवून त्या म्हणाल्या, "मूत्रपिंडं प्रथिनं धरून ठेवत नाहीयेत, लघवीवाटे जाताहेत. म्हणून अंगात पाणी साचतंय. कुठली औषधं? काढे? चूर्णं?"

"काहीच नाही," थोरली म्हणाली.

"तोंडाला काय लावता?"

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. सोनेरी झाकण, खाली तेजदीदींचा हसरा फोटो. डॉक्टरीणबाईंनी ती फिरवून फिरवून पाहिली.

"यात काय काय घातलंय, ते कुठंच लिहिलेलं नाही."

"ते गुपित सूत्र आहे," धाकटीच्या तोंडून सवयीनं निघालं.

"लावताना दागिने काढून ठेवा, असं सांगतात का?"

"हो. अलंकार म्हणजे अहंकार. अहंकार उतरवल्याशिवाय तेज चढत नाही..." बोलता बोलता धाकटीचा आवाज बारीक होत गेला. असल्या खोलीत, असल्या टेबलासमोर ते वाक्य किती पोकळ वाजत होतं!

"अहंकाराचा काही संबंध नाही हो," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "मला शंका आहे ती पाऱ्याची. पारा सोन्याला धरतो, सोनं पांढुरकं पडतं. गिऱ्हाइकानं अंगठी घेऊन तक्रार करायला येऊ नये, म्हणून ही युक्ती. आपण खात्री करून घेऊ."

डबी प्रयोगशाळेत गेली, थोरलीची लघवीही गेली. दोन्हींत पारा निघाला. तोही थोडाथोडका नव्हे.

"पारा कातडीत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून डाग गेले आणि रंग उजळला," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "तोच पारा कातडीतून रक्तात उतरला आणि मूत्रपिंडांत जाऊन बसला. ती बिघडली, चेहऱ्यावर सूज आली, सुजेनं सुरकुत्या ताणल्या गेल्या. तुम्ही जिला तरुणपण म्हणत होतात, तो आजार होता."

धाकटीला पडदा आठवला. टाळ्या आठवल्या. तिनं स्वतः वाजवलेल्या टाळ्या.

"बरी होईल ना?"

"वेळेत थांबलं तर पुष्कळजण होतात. पण या आजारात रक्ताच्या गाठी होण्याची भीती असते. इथंच ठेवू या."

त्याच दुपारी धाकटी तेजदीदींच्या कार्यालयात गेली. दीदींनी अहवाल न वाचताच बाजूला सारला.

"तुझ्या बहिणीनं मनातून शंका घेतली असणार."

"दीदी, पारा शंका बघत नाही."

दीदींच्या आवाजातली साखर संपली. "हे बघ, मी तुझ्या बहिणीला आधी ओळखतही नव्हते. डबी कुणी दिली? लाव म्हणून मागं कोण लागलं? बाहेर बोंब मारशील तर आधी तुझं तोंड काळं होईल. नीट विचार कर."

ती बाई आयुष्यात एकदाच खरं बोलली असेल, तर तेव्हा. धाकटी जिना उतरली आणि शेवटच्या पायरीवर बसून राहिली.

थोरली नऊ दिवस रुग्णालयात होती. धाकटीनं पाय धरून सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "वेडी आहेस का? तू मुद्दाम केलंस का काही? मलाही आवडलं होतं गं, आरशात बघायला. उगाच खोटं कशाला बोलू?" मग म्हणाली, "पोरीचा गणवेश अर्धा शिवून ठेवलाय. बाह्या तेवढ्या लावून घे कुणाकडून."

दहाव्या दिवशी सकाळी, चहा घेता घेता, तिला धाप लागली. पायात धरलेली गाठ फुप्फुसात गेली होती. डॉक्टर धावले, परिचारिका धावल्या. पाऊण तासानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी भाचीला जवळ घेतलं. धाकटीकडे कुणी पाहिलं नाही, आणि कुणी पाहू नये असंच तिला वाटत होतं.

महिन्याभरानं तेजदीदींची पुन्हा सभा होती. पडद्यावर थोरलीचाच फोटो होता. मेलेल्या बाईचं तेज अजून विकलं जात होतं! धाकटीचा पट्टा अजून कुणी काढून घेतला नव्हता, म्हणून ती थेट व्यासपीठावर जाऊ शकली. माइक हातात घेण्याची तिला सवय होतीच.

"ही माझी बहीण," ती म्हणाली. "ती वारली. हा चेहरा उजळलेला दिसतो तो पाऱ्यानं, आणि भरलेला दिसतो तो सुजेनं. हा डबीचा अहवाल, हा तिचा. डबी मी दिली होती. दोष माझाही आहे आणि पोलिसांत मी तसंच लिहून दिलंय."

"हिच्या डोक्यावर परिणाम झालाय दुःखानं!" दीदी ओरडल्या.

"झालाय. तुमच्या डोक्यावर तर नाही ना? मग ही डबी घ्या, बोटं बुडवा आणि सगळ्यांसमोर तोंडाला लावा. हातातल्या अंगठ्या राहू द्या."

दीदींच्या दहा बोटांत सात अंगठ्या होत्या. त्यांनी डबीकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, आणि हात हळूच पदराखाली घेतले.

एवढं पुरे होतं, असं कुणालाही वाटेल. पण तसं झालं नाही. निम्म्या बायका उठून गेल्या, काहींनी डब्या तिथंच टाकल्या, आणि काहीजणी धाकटीलाच म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला सोसलं नसेल, आम्हाला तर गुण येतोय." पुढे पोलीस आले, माल जप्त झाला, दीदींवर खटला उभा राहिला. थोरली काही परत आली नाही.

भाची आता धाकटीकडे राहते. एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "मावशी, तुला ते खरं वाटत होतं?"

"हो गं. अगदी खरं."

"यात काय आहे, असं तू त्यांना कधीच विचारलं नाहीस?"

"नाही."

"का?"

चाळीस बायकांना बोलायला शिकवणारी धाकटी ओट्याला टेकून रडू लागली. भाचीनं तिच्या हातातली बशी काढून घेतली, पुसली आणि जागेवर ठेवली. जवळ मात्र आली नाही.

म्हणून सांगायचं ते इतकंच. तोंडाला लावायचं असो की पोटात घ्यायचं, आधी विचारा: यात काय आहे, कुणी तपासलंय, कागद कुठं आहे? विचारल्यानं कुठलंही खरं औषध आजवर बिघडलेलं नाही. विकणारा परका असेल तर एकदा विचारा, आणि आपल्या जिवाचा असेल तर दोनदा विचारा, कारण त्याला स्वतःलाच ठाऊक नसण्याचा संभव जास्त. आणि प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी कुणी तुमच्याकडे श्रद्धा मागू लागलं, तर ते कितीही गोड बोलो, तिथून उठा आणि घरी या.