नाव कोणी घ्यायचं

लातूर जिल्हा झाला आणि दुसऱ्याच वर्षी पावसानं दडी मारली. रेणापूरच्या अलीकडल्या त्या गावात रोज एक टँकर यायचा आणि त्यातला निम्मा एक कमान प्यायची. नव्या जिल्ह्याचे साहेब गावात येणार म्हणून सरपंच व्यंकटरावांनी वेशीवर सिमेंटची कमान बांधायला काढली होती. सिमेंटला पाणी मारावं लागतं, नाहीतर तडे जातात. बायकांना काही तडे जात नाहीत! त्यामुळे कमानीची रोज दोनदा आंघोळ व्हायची आणि तिच्याच सावलीत बायका रिकाम्या घागरी घेऊन बसायच्या. त्यांत खुद्द सरपंचांची बायको नागूबाईही असायची.

गावाला सगळं दिसत होतं. बोलायचं कोणी, एवढीच पंचाईत होती. शेवटी बायकांनी अण्णारावांना गाठलं.

अण्णाराव म्हणजे गावाचं इंग्रजी. तरुणपणी ते हैदराबादला एका बॅरिस्टराकडे कारकून होते. येताना त्यांनी तिथून दोष देण्याचे, आरोप करण्याचे जुने जुने शब्द आणले होते, जे खुद्द इंग्रजांनीही कधीच अडगळीत टाकले असतील. अपीच, अरेन, इन्कल्पेट. सगळ्यांचा मतलब एकच, गुन्हेगार तू आहेस. शेळीनं धोतर खाल्लं की ते तिला अपीच करायचे. खोली गळायला लागली तेव्हा घरमालकाला, म्हणजे व्यंकटरावांनाच, त्यांनी छाती काढून सुनावलं होतं, "आय अरेन यू!" व्यंकटराव म्हणाले, "थँक्यू." दोघेही खूश झाले. खरं सांगायचं तर या इंग्रजीची सगळी मौज तीच होती. मनातलं बोलूनही व्हायचं आणि कोणाशी वाकडंही यायचं नाही.

"साहेबापुढं तुमीच बोला," म्हातारी धुरपताबाई म्हणाली. "आमाला दुसरं कोन हाय?"

अण्णारावांना भरून आलं. रात्रभर त्यांनी शब्द घोळवले.

साहेब आले. वयानं अगदी कोवळे होते. कमानीखाली खुर्ची, गळ्यात हार, शेजारी हसतमुख व्यंकटराव. अण्णाराव टोपी सारखी करून उभे राहिले आणि कडाडले, "सर! वुई अपीच! वुई अरेन! वुई इन्कल्पेट!"

"कोणाला?" साहेबांनी साध्या मराठीत विचारलं.

अण्णारावांची नजर व्यंकटरावांवर गेली. व्यंकटराव अजून हसतच होते. नाव घेतलं तर संध्याकाळी वळकटी रस्त्यावर येईल. या वयात खोली कोण देणार? "सर... दॅट पर्सन," ते म्हणाले.

"कोणता पर्सन?"

"द सेड पर्सन, सर."

"कागदावर तुमचा टँकर रोज पूर्ण पोचतोय," साहेब म्हणाले. "पाणी कोण नेतं त्याचं नाव सांगा, नाहीतर तक्रार इथंच संपली." ते उठू लागले. बायका अण्णारावांकडे बघत राहिल्या. अण्णारावांना स्वतःची फार लाज वाटली, पण ते नुसती टोपीच सारखी करत राहिले.

तेवढ्यात नागूबाई पदर सावरत पुढं आली. "मला ठावं हाय, साहेब. पर मला नाव घेता येत न्हाई."

"का?"

"नवऱ्याचं नाव कसं घिऊ?"

व्यंकटरावांचं हसू जागच्या जागी वाळलं. साहेब म्हणाले, "नावाशिवाय मला काही करता येणार नाही, बाई."

"उखाण्यात घे की गं!" धुरपताबाई मागून ओरडली.

नागूबाईनं एकदा कमानीकडे पाहिलं, खाकरून गळा साफ केला आणि ठणठणीत आवाजात म्हणाली,

"घागरी घेऊन बायका सांगतात गाऱ्हाणी,
व्यंकटराव कमानीला पाजतात गावाचं पाणी!"

लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत बायकोच्या तोंडी नाव आलं म्हणून व्यंकटराव सवयीनं लाजले. मग त्यांना अर्थ कळला. तोवर सारा गाव हसून लोळत होता.

साहेबही हसले, पण लगेच गंभीर झाले. "बायको रागानंही बोलेल. साक्षीदार कोण आहे?"

हसणं जागेवर थांबलं. जो तो जमिनीकडे बघू लागला.

"मी हाय," अण्णाराव म्हणाले. "मी रोज बघायलोय, साहेब. व्यंकटरावांनी गावाचं पाणी चोरलं." यात एकही शब्द जुना नव्हता आणि अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.

साहेबांनी उभ्या उभ्या टँकर बायकांच्या देखत गावच्या विहिरीत रिकामा करवला आणि रोज तसंच करायचा हुकूम दिला. साहेबांची जीप गेल्याबरोबर व्यंकटराव अण्णारावांपुढं येऊन उभे राहिले. "खोली कवा खाली करता?"

"आजच," अण्णाराव म्हणाले.

नागूबाई भरलेली घागर डोक्यावर घेऊन मागून येत होती. "कोन खाली करतंय? खोली माज्या नावावर हाय. इलेक्शनच्या टायमाला ह्यांनीच करून दिली." मग नवऱ्याकडे न बघता ती पुढं म्हणाली, "अन् पावसाच्या आदी पत्रे बदला म्हनावं. अण्णा कवाचं सांगायलेत, ह्यांना वाटलं कौतुक करायलेत."