धारेची सुट्टी

बायडाबाईच्या बापानं मरायच्या आधी लेकीला एक रेडकू दिलं. ते लाडी. तिच्या नवऱ्यानं, आकारामनं, ते बाटलीनं दूध पाजून वाढवलं. म्हणून म्हैस झाल्यावर लाडी दुसऱ्या कुणाला सडाला हात लावू देईना.

शहाण्णव साली शिरोली एमआयडीसीत शिवय्या मालकांच्या फौंड्रीला मोठी ऑर्डर आली, आणि आकारामची सकाळची पाळी दुपारची झाली. संध्याकाळी सहा म्हंजे लाडीच्या धारेचा टाइम, आणि हा गडी तवा भट्टीपुढं.

मग बायडाबाई बसली धारेला. लाडीनं लाथ झाडली, ती बादली पार पंचगंगेच्या पुलावर जाऊन पडली म्हणं. शेजारीण म्हणाली, नवऱ्याचा सदरा घालून बस, वासानं फसंल. बायडाबाईनं घातला, पण आधी साबण लावून, नीळ देऊन. लाडीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी न धुतलेला घातला, वर टोपी. लाडी तिच्याकडं अशी बघत राहिली, जणू घरात चोरच शिरलाय.

दूध आटायला लागलं. आकाराम मालकांकडं जाऊन आला. मालक हसले, म्हणाले, आज म्हशीसाठी पाळी बदलली तर उद्या कुणीतरी कोंबडीसाठी येईल. घरी येऊन आकाराम खालमानेनं म्हणाला, हिला आता बाजारात न्यायला लागतीया.

बायडाबाईनं ताट बाजूला सारलं. बापाची तेवढीच एक खूण होती.

दुसऱ्या दिवशी सहाच्या सुमाराला तिनं दावं सोडलं आणि लाडीला घेऊन थेट फौंड्रीच्या गेटवर. वॉचमन म्हणाला, कुठं चाललासा? ही म्हणाली, कामावर. तेवढ्यात लाडीला आकारामचा वास लागला आणि ती अशी हंबरली, की भट्टीतला लोखंडाचा रस जागच्या जागी थिजला.

मालक भाईर आले. पाठोपाठ काजळीनं काळ्या झालेल्या तोंडाचा आकाराम. त्याला बघून लाडी उभ्या उभ्याच पान्हावली. दुधाचा ओहोळ हायवेपर्यंत गेला.

"मालक, सहाला ह्यास्नी सोडा," बायडाबाई म्हणाली. "न्हायतर हिचं नाव हजेरीच्या मस्टरवर लावा. मी रोज आणून सोडती."

मालकांचा बंगला मागंच. त्यांची बायको शांतव्वा आवाजानं पळत आलेली. ती नवऱ्याकडं बघत म्हणाली, "माझ्याकडंबी एक म्हैस पायजे होती की. रोज ह्यास्नी घरी यायला हाका मारून माझाच घसा बसतोय."

मालक गालात हसले. दुसऱ्या दिवसापासनं ओतकाम जरा मागं ढकललं आणि सहाला भोंगा वाजायला लागला. तासभर सगळ्यांस्नी सुट्टी. म्हैस एकट्या आकारामची, पण धारेला सगळेच जायचे. कुणी आईला गोळी द्यायला, कुणी पोराचे पाढे घ्यायला. मालकबी बंगल्यावर जायचे.

बाजाराचं नाव परत निघालं न्हाय. लाडी मात्र शेफारली. भोंग्याबिगर पान्हा सोडंना. मग फौंड्री बंद असली, की आकाराम गोठ्यात हुबं राहून तोंडानं भोंगा वाजवायचा, आणि बायडाबाई दारात हसून हसून खाली बसायची.