गिअरचं ऑइल

थोरलीला रेंगाळलेलं काम खपायचं नाही. ती एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि शिक्षक तिच्या पाठीमागे तिला ‘एक्स्प्रेस’ म्हणायचे. हे तिच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते मनातून आवडायचं.

तिचे वडील गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटेच राहायचे. आजारपणातून उठले, पण डावा पाय काही पूर्वीसारखा झाला नाही. क्लच दाबणं जमेना, म्हणून त्यांनी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. डाव्या पायाला त्यात कामच नव्हतं. “तो आता पेन्शनीत गेला,” असं ते सगळ्यांना सांगत सुटायचे.

ती गाडी मुख्यतः गुरुवारसाठी होती. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात त्यांचा ऑफिसातला जुना सोबती राहायचा. ऑफिसच्या क्रिकेट टीमचा कप्तान होता तो, म्हणून आयुष्यभराचा कॅप्टन. आता त्याला काही आठवायचं नाही. स्वतःच्या मुलाला तो अहोजाहो करायचा. पण गुरुवारी सकाळपासून फाटकाजवळच्या बाकावर बसून राहायचा आणि बाबा दिसले की ओरडायचा, “आलास का आळशा! मांड पट.” मग दोघं बुद्धिबळ खेळायचे. कॅप्टनचा उंट सरळ चालायचा, घोडा मनाला येईल तिथं उडी मारायचा. बाबा निमूटपणे हरायचे आणि घरी येताना खुशीत असायचे.

गाडी सिग्नलवरून निघताना गचके द्यायला लागली, तेव्हा थोरलीच त्यांना गॅरेजमध्ये घेऊन गेली. मिस्त्रीने गिअरचं ऑइल तपासायची पट्टी बाहेर काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली, हुंगली.

“काका, हे कधी बदललंय?”

“मी तरी नाही. आधीच्या मालकाचं माहीत नाही.”

फडक्यावर करपट वासाचा काळा डाग उमटला होता.

“दोन रस्ते आहेत,” मिस्त्री म्हणाला. “एक म्हणजे खालचा चेंबर उघडून जेवढं निघतं तेवढं काढायचं आणि तेवढंच नवीन भरायचं. बरंचसं जुनं आतच राहतं. म्हणून काही दिवस चालवून परत यायचं, परत थोडं काढायचं. असं तीनेक वेळा. दुसरं म्हणजे मशीन लावून सगळंच्या सगळं आज बदलायचं. मात्र आत वर्षानुवर्षांचा गाळ बसलाय. तो दाबाने सुटला आणि बारीक वाटांत अडकला, तर गिअर पकडायचे नाहीत. मशीनवर ठणठणीत झालेल्या गाड्याही आहेत हो. पण ही माझी असती तर मी घाई केली नसती.”

“मग थोडं थोडंच करू,” बाबा म्हणाले. “मला कुठं पळायचंय?”

थोरलीने घड्याळात पाहिलं. शाळेत तपासणी तोंडावर आली होती. “बाबा, तीन-तीन वेळा इथं कोण येणार?”

“मी येईन की. गाडी मीच चालवतो.”

“आणि मध्येच कुठं बंद पडली तर? धावायचं मलाच ना? एकदा काय ते होऊन जाऊ दे. मशीनवर करा हो तुम्ही.”

मिस्त्रीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी किल्ली काउंटरवर ठेवली आणि भिंतीवरचं टायरचं कॅलेंडर वाचत उभे राहिले.

संध्याकाळी गाडी लोण्यासारखी चालत होती. “बघा,” थोरली म्हणाली. बाबाही हसले.

पुढच्याच गुरुवारी टेकडीच्या चढावर इंजिन नुसतंच गुरगुरायला लागलं. बाबा ॲक्सिलरेटर दाबताहेत आणि गाडी हळूहळू मागे सरकतेय. त्यांनी कशीबशी ती कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि लेकीला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. तिने नाव पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. आश्रमाचं फाटक वरच्या वळणावर दिसत होतं, पण त्या पायाने तो चढ चढणं बाबांना शक्य नव्हतं. ती पोचली तेव्हा ऊन कलायला आलं होतं आणि ते बुद्धिबळाची पेटी मांडीवर घेऊन बसले होते.

मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला. गिअर पकडणाऱ्या आतल्या चकत्या झिजून कागदासारख्या झाल्या होत्या. “मशीनमुळेच गेला असं छातीठोक नाही सांगता येणार, ताई. कदाचित तसाही गेला असता.” सुटे भाग बाहेरून मागवायचे होते. आठवडे उलटत गेले.

“या गुरुवारी मी नेते तुम्हाला,” ती दर वेळी सांगायची, आणि दर वेळी काहीतरी निघायचं. “टॅक्सीने जाऊ का?” असं बाबांनी एकदा विचारलं, तर तिने तेही उडवून लावलं. “त्या पायाने अनोळखी माणसाबरोबर? मी नेते म्हटलं ना!” त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

शेवटी ती त्यांना घेऊन गेली, तेव्हा बाकावर कोणीच नव्हतं. कॅप्टन आत खिडकीपाशी बसला होता. बाबा समोर जाऊन उभे राहिले. कॅप्टन अदबीने अर्धवट उठला.

“या साहेब. नवीन आलात का इथं?”

थोरली पुढं झाली. “अहो काका, हे...”

बाबांनी हातानेच तिला थांबवलं. “हो,” ते म्हणाले, “नवीनच आहे. बुद्धिबळ खेळता का?”

“मला नाही येत.”

“मी शिकवतो.”

त्यांनी पट मांडला. घोडा कसा चालतो ते दाखवलं, परत दाखवलं. थोडा वेळ कॅप्टनने ऐकून घेतलं, मग तो खिडकीबाहेर पाहायला लागला. बाबांनी सोंगट्या एकेक करून पेटीत भरल्या. थोरली दाराशी उभी राहून बघत होती. आज तिला कसलीच घाई नव्हती, आणि करण्यासारखंही काही नव्हतं.

गाडी पुढे दुरुस्त झाली. बाबा अजूनही गुरुवारी जातात, दर वेळी स्वतःची नव्याने ओळख करून देतात. शाळेला सुट्टी असली की तीही बरोबर जाते. अशाच एका खेपेला उतरणीवर ती म्हणाली, “बाबा, त्या दिवशी तुमचं ऐकायला हवं होतं मी.”

“गिअरबॉक्स जुनाच होता गं. मिस्त्री म्हणाला ना, तसाही गेला असता.”

“गिअरबॉक्सचं नाही म्हणत मी.”

गाडी बाबाच चालवत होते. वळण संपून रस्ता सरळ लागला, तरी त्यांची नजर रस्त्यावरच होती.

“माहीत आहे मला,” ते म्हणाले.

ते रागावून बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत.